देवाने माफ केलं, म्हणजे माझ्याकडचाही हिशेब मिटला का?

टीपकागद

एक पोस्ट सगळीकडे फिरतेय, माझ्याकडेही आली. मजकूर थोडक्यात असा: वधस्तंभावरच्या चोराला प्रभूने एका वाक्यात तारलं. त्याने ना बाप्तिस्मा घेतला, ना कोणाला काही परत केलं. मग ज्याला देवाने क्षमा केली त्याच्यावर राग धरून बसणारे तुम्ही कोण? क्षमा न करणारा माणूस हा मूळ अपराध्यापेक्षाही मोठा पापी. खाली 'आमेन'ची रांग.

एरवी असलं काही आलं की मी पुढे सरकतो. शेवटचं वाक्य मात्र डोक्यात गेलं.

आधी त्या चोराचं बघू. लूक २३ नीट वाचा. पलीकडच्या चोराला गप्प करताना तो म्हणतो काय? आपल्याला झालेली शिक्षा रास्त आहे, आपण केलं तेच भोगतोय. आम्हाला वाचव, असं ओरडणारा तो दुसरा. याने सुटका मागितलेलीच नाही. बरं, सुखलोकाचं वचन मिळाल्यावर पुढे काय झालं? योहान १९ मध्ये शिपाई येतात आणि दोघांचेही पाय मोडतात. वचन मिळालेल्याचेही. तारण झालं, शिक्षा टळली नाही. ही गोष्ट 'झालं गेलं विसरा' या मथळ्याखाली कशी काय खपते?

मग जक्कय, लोकांना लुबाडणारा जकातदार. येशू त्याच्याकडे उतरला, तेव्हा कोणी न मागता हा उभा राहिला आणि म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत करतो. 'आज या घराला तारण मिळालं' हे वाक्य येतं ते यानंतर.

आणि मत्तय ५. वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी भावाशी समेट कर, मग ये. म्हणजे देवाकडे जायची वाट भावाच्या दारावरून जाते. पोस्ट लिहिणाऱ्याने ते दार बायपास केलंय.

हिशेबात माणसं तीन असतात: देव, अपराधी आणि ज्याचं वाटोळं झालं तो. असल्या पोस्टींमध्ये तिसरा एकदाच येतो, तोही 'मोठा पापी' म्हणून. देवाने स्वतःपुरती क्षमा जरूर करावी, मी कोण अडवणारा? पण माझ्या वतीने परस्पर पावती फाडायचा अधिकार मंडळीतल्या कोणाला दिला कोणी?

सायंप्रार्थना

ती पोस्ट माझीच, त्यामुळे उत्तर देणं भाग आहे. नाव घेतलं नाहीत त्याबद्दल आभार.

लूक वाचलात, मत्तय ५ वाचलात आणि मत्तय १८ बरोबर टाळलात. पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? उत्तर येतं, साताच्या सत्तर वेळा. आणि लगेच तो दाखला. राजाने एका चाकराचं दहा हजार तालांतांचं कर्ज सोडलं. एक तालांत म्हणजे साधारण ६,००० दिनार आणि एक दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. ६ कोटी दिवसांची मजुरी झाली ही! दीड लाख वर्षं रोज राबला असता तरी फिटली नसती. तोच चाकर बाहेर पडतो आणि १०० दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. राजा शेवटी कोणाला आत टाकतो? गळा धरणाऱ्याला. शिवाय मत्तय ६: तुम्ही लोकांना क्षमा केली नाहीत तर तुमचा पिताही तुम्हाला करणार नाही. 'मोठा पापी' ही भाषा माझी असेल, अर्थ माझा नाही.

तुमचा तिसरा माणूसही पहिल्याचा कर्जदारच आहे, हे सोयीस्करपणे विसरलात. स्वतःचे ६ कोटी माफ करून घ्यायचे आणि दुसऱ्याच्या १०० साठी वही उघडून बसायचं. प्रभू तुमचं मन मऊ करो.

नास्तिक_पण_हजर

(घरच्यांमुळे दर रविवारी हजेरी लावतो, तेव्हा बोलायचा हक्क आहे असं समजतो.)

मला ही अख्खी योजना अपराध्याच्या सोयीची वाटते. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन घ्या. ३२५ मध्ये चर्चच्या बिशपांची निकियाची परिषद भरवली, पुढच्याच वर्षी पोटच्या पोराला, क्रिस्पसला, ठार करवलं आणि बाप्तिस्मा घेतला ३३७ मध्ये, मरणाच्या दारात. असं थांबणारा तो एकटा नव्हता. बाप्तिस्म्याने मागचं सगळं धुतलं जातं, पण त्यानंतरच्या मोठ्या पापांचं प्रायश्चित्त तेव्हा फार कडक होतं, म्हणून कित्येक जण शेवटपर्यंत वाट बघत. हिशेबी लोक!

आणि जॉन न्यूटन. कृपेवरचं ते जगभर गायलं जाणारं गीत याचंच. १७४८ च्या वादळात त्याला देव भेटला. त्यानंतर गुलामांच्या जहाजांवर राहिला तो १७५४ पर्यंत, तोही कप्तान होऊन. व्यापाराविरुद्ध जाहीर लिहिलं ते १७८८ मध्ये. चाळीस वर्षं! वर रविवारची उपासना चालायची आणि खाली माणसं साखळदंडात. वरच्याचं तारण झालं होतं ना? मग खालच्यांना ते कधी कळणार होतं?

पंचाण्णव_कलमी

न्यूटनचं अर्धवट सांगू नका. त्या वादळानंतरही बराच काळ आपण खऱ्या अर्थाने विश्वासणारे नव्हतो, हे त्याने स्वतः लिहून ठेवलंय. १७८८ च्या पुस्तिकेतही ही कबुली फार उशिरा येतेय, असं तोच म्हणतो. नुसतं लिहून थांबला नाही, सरकारी चौकशीपुढे साक्षही दिली. १८०७ मध्ये व्यापारबंदीचा कायदा झाला, त्याच वर्षी तो वारला. उशीर झाला म्हणून पश्चात्ताप खोटा ठरत नाही.

आता मूळ धागा. टीपकागद, तुमचा रोख चांगला आहे, पण पाऊल घसरतंय. जक्कयने परतफेड केली म्हणून त्याचं तारण झालं नाही. येशू त्याच्याकडे आधी गेला, परतफेड त्यातून उगवली. इफिसकर २:८-९ (तारण कृपेने, कृत्यांनी नाही) सगळ्यांना पाठ असतं, १० वं वचन कोणी म्हणत नाही. सत्कृत्यं तिथे आहेत, नंतर. हा क्रम उलटा केला की माणूस थेट त्या जुन्या दुकानात पोचतो, जिथे पेटीत नाणं खणखणलं की आत्मा सुटायचा.

गुडघेटेक

आला! टेट्झल, म्हणजे तो पैसे घेऊन दंडमाफी विकणारा साधू, कितव्या प्रतिसादात येतोय याचीच वाट बघत होतो.

टीपकागद ज्या प्रश्नावर एवढे चिडलेत त्याचं उत्तर आमच्याकडे, कॅथोलिकांकडे, कधीचं तयार आहे. कन्फेशनमध्ये, म्हणजे फादरपुढे पापं कबूल करताना, पश्चात्ताप, कबुली आणि भरपाई अशा तीन गोष्टी लागतात. कॅथोलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात, परिच्छेद १४५९ मध्ये, स्पष्ट म्हटलंय की पापमोचनाने पाप जातं, पण पापाने केलेली मोडतोड आपोआप दुरुस्त होत नाही. चोरलेलं परत करा, कोणाची बदनामी केली असेल तर ती निस्तरा, जखमेची भरपाई द्या. परत द्यायची तयारीच नसेल तर फादर पापमोचन नाकारू शकतात. म्हणजे तुमच्या तिसऱ्या माणसाला आमच्याकडे पहिल्यापासून जागा आहे. तुमच्याकडे काय, डोळे मिटायचे, हात वर करायचा, पाळकाच्या मागून चार वाक्यं म्हणायची. खातं बंद.

पंचाण्णव_कलमी

चार वाक्यं?? जाळीपलीकडे पुटपुटायचं, तीन 'नमो मारिया' म्हणायच्या आणि पुढच्या शनिवारी तीच यादी घेऊन हजर, त्यापेक्षा ती चार वाक्यं परवडली.

आणि टेट्झल येणारच. १५१७ मध्ये इंडल्जन्स (दंडमाफीची पत्रं) विकले जात होते, त्यातला अर्धा पैसा रोमच्या सेंट पीटर्ससाठी आणि अर्धा माइन्त्सच्या आर्चबिशपचं फुगर पेढीचं कर्ज फेडायला. कर्ज कशाचं? एकाहून जास्त धर्मप्रांत बळकावायला रोमची परवानगी काढली त्याचं. हा तुमचा तिसरा माणूस का? ज्याचं कोणाचं नुकसान झालं त्याला यातला एक तरी पैसा पोचला का?

गुडघेटेक

नाही पोचला, आणि त्याचं समर्थन आम्ही करतही नाही. पैसे घेऊन दिलेले सगळे इंडल्जन्स पोप पायस पाचव्याने १५६७ मध्ये रद्द केले. साडेचारशे वर्षं होऊन गेली हो, जरा नवीन काही काढा.

तत्त्व मात्र समजून न घेताच शिव्या चालल्यात. इंडल्जन्सने पाप माफ होत नाही. पाप आधी माफ झालेलं असतं, उरलेल्या ऐहिक दंडासाठी ते असतं. म्हणजे 'माफी मिळाली तरी काहीतरी निस्तरायचं उरतं' हे आम्ही मानतो. मी चुकत नसेन तर धाग्याचा विषयही तोच आहे.

अजून एक. कन्फेशनला हसणाऱ्या ल्यूथरपंथीयांनी १५३० चा ऑग्सबर्गचा कबुलीजबाब, म्हणजे त्यांच्याच विश्वासाचं निवेदन, काढून कलम ११ वाचावं. खाजगी पापमोचन चर्चमध्ये चालू ठेवावं, असं तुमच्याच लोकांनी लिहिलंय.

पंचाण्णव_कलमी

कलम ११ मध्येच पुढे हेही आहे की सगळी पापं मोजून सांगायची गरज नाही, कारण ते शक्यच नाही. अर्धं वाचायची सवय लागली की असं होतं. इंडल्जन्स तर अजून चालूच आहेत, २०२५ च्या ज्युबिलीतही (कॅथोलिकांच्या पवित्र वर्षात) होते. फक्त पेटी काढून घेतलीय.

जुनाच_करार

तुम्ही दोघं जरा बाहेर जाऊन भांडा. सोळाव्या शतकाच्या आधीही जग होतं.

टीपकागद, तुमच्या तिसऱ्या माणसाचं सगळ्यात अवघड उदाहरण तुम्ही सोडलंत: उरीया, दावीद राजाचा शिपाई. दावीद त्याची बायको बथशेबा घेतो, त्याच्याच हाती त्याच्या मरणाचं पत्र देऊन त्याला आघाडीवर पाठवतो. नाथान संदेष्टा येऊन गरिबाची एकुलती मेंढी घेणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगतो, दावीद भडकतो, आणि नाथान म्हणतो, तो माणूस तूच. मग स्तोत्र ५१, पश्चात्तापाचा सगळ्या जगाने पाठ केलेला नमुना. त्यात दावीद देवाला म्हणतो काय? तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्ध मी पाप केलं आहे. केवळ! उरीया मातीत, बथशेबा राजवाड्यात, आणि स्तोत्रात दोघांचं नावही नाही. वरच्या मथळ्यात बथशेबा सापडते, उरीया तिथेही नाही. नाथान ताबडतोब सांगतो की परमेश्वराने तुझं पाप दूर केलं आहे, तू मरणार नाहीस. आणि मरतं कोण? नुकतं जन्मलेलं मूल. या अध्यायाशी मी कधी तह करू शकलो नाही, आणि जो लगेच करतो त्याच्यावर माझा विश्वास नाही.

आता सायंप्रार्थना यांनी खूश व्हायच्या आधी लेवीय ६ उघडावं. शेजाऱ्याला फसवलं, लुबाडलं, तर तो परमेश्वराचाच विश्वासघात, असं तिथे सुरुवातीलाच म्हटलंय. उपाय काय? मुद्दल परत, वर पाचवा हिस्सा, ज्याचं त्याच्या हातात. दोषार्पण त्याच्या जोडीने. पाचवा हिस्सा मालकाला, मेंढा देवाला. तीनही माणसं हजर. येशू मत्तय ५ मध्ये वेदीपाशी उभ्या माणसाला परत पाठवतो तेव्हा नवीन काही सांगत नव्हता.

नास्तिक_पण_हजर

उरीया मेला होता. मेलेल्याला पाचवा हिस्सा कोण नेऊन देणार?

जुनाच_करार

तोच तर प्रश्न आहे. माझ्याकडे उत्तर असतं तर मी इथे टाइमपास करत बसलो नसतो.

शेवटचा_बाक

बरेच दिवस नुसती वाचते, आज लिहितेय.

माझे बाबा प्यायचे आणि मारायचे. एकदा माझा हात दारात असताना त्यांनी दार ओढून लावलं. चुकून नव्हे. उजव्या हाताच्या एका बोटाचं टोक तेव्हापासून वळत नाही. पुढे बाबा बदलले, खरंच बदलले, ते मी नाकारत नाही. दारू सुटली, प्रार्थनेला जायला लागले, आणि एका रविवारी साक्ष द्यायला उभे राहिले. छान बोलतात ते. मी कसा होतो, बायकोला कसं छळलं, आणि मग 'माझ्या लेकीचं बोट आजही वाकडं आहे, पण प्रभूने मला धुऊन काढलं'. सगळे मागे वळून बघायला लागले. मी नेहमीप्रमाणे शेवटच्या बाकावर. पुढच्या बाकावरच्या बाईंनी मागे वळून, न विचारता माझा हात हातात घेतला, बोट उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, प्रभू किती थोर आहे बघ!

बाबांनी त्या बोटाबद्दल देवाला सांगितलं, मंडळीला सांगितलं, माइकवर सांगितलं. मला आजतागायत एक शब्द बोललेले नाहीत. त्या दिवशी घरी आल्यावर मी त्यांच्यासमोर उभी राहिले होते मुद्दाम. म्हणाले, आवडली का साक्ष?

मी चर्च सोडलेलं नाही. मी सोडावं असं काही जणांना वाटतं, कारण मी 'कडू' आहे. सायंप्रार्थना, तुमची ती पोस्ट मलाही आली. पाठवणारे बाबाच होते.

सायंप्रार्थना

ताई, वाचून वाईट वाटलं. तुमच्या वडिलांनी तुमच्याशी बोलायला हवं होतं यात वादच नाही.

पण क्षमा ही समोरच्यावर अवलंबून नसते, हेच तर शुभवर्तमान आहे. २००६ मध्ये अमेरिकेत निकेल माइन्सच्या शाळेत एकाने अमिश (साध्या राहणीचा ख्रिस्ती पंथ) मुलींवर गोळ्या झाडल्या, पाच मुली गेल्या. अमिश लोकांनी लगेच क्षमा केली, त्याच्या बायकोला भेटून धीर दिला, त्याच्या दफनालाही गेले. कोणी माफी मागितली होती त्यांच्याकडे? नाही. तरी केली. राग धरला की जळतो तो आपणच. तुमच्या भल्यासाठी सांगतोय, मनातलं विष काढून टाका.

शेवटचा_बाक

मला ताई म्हणू नका, आणि माझ्या मनात काय आहे ते मला सांगू नका.

त्या अमिश आईबापांबद्दल मी एक अक्षर वावगं बोलणार नाही. पण गोळ्या झाडणाऱ्याने स्वतःलाही संपवलं होतं. त्याला क्षमा करून रोज संध्याकाळी त्याच्यासमोर बसायचं नव्हतं कोणाला. त्याने चर्चमध्ये उभं राहून त्यांच्या मुलींची गोष्ट सांगून टाळ्याही घेतल्या नाहीत. शिवाय ती क्षमा त्यांनी आपण होऊन दिली. शेजाऱ्याने येऊन 'देता की नाही, नाहीतर तुम्हीच मोठे पापी' असं म्हटलं असतं तर त्यांनी ती दिली असती का, हे तुम्ही सांगा.

टीपकागद

शेवटचा_बाक यांच्यानंतर माझं लिहिणं फोल आहे, तरी एक गोष्ट मांडतो, कारण 'क्षमा' म्हणताना इथे तीन वेगळ्या गोष्टींची खिचडी होतेय.

पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर १३ मे १९८१ ला मेहमत अली आजा या तुर्की माणसाने गोळ्या झाडल्या. काही दिवसांतच इस्पितळातून पोपनी त्याला क्षमा केल्याचं जाहीर केलं. डिसेंबर १९८३ मध्ये तुरुंगात जाऊन त्याच्याजवळ बसून बोलले. आणि आजा? तो इटलीच्या तुरुंगातच राहिला, राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली ती थेट २००० मध्ये. त्या एकोणीस वर्षांत कोणी म्हणालं का की पोपची क्षमा खोटी, नाहीतर दार उघडलं असतं? मनातला सूड सोडणं एक, शिक्षा सोडणं दुसरं, आणि पुन्हा पहिल्यासारखं नातं जोडणं तिसरं. मंडळीतले लोक पहिल्याचं वचन दाखवतात आणि वसुली तिसऱ्याची करतात.

मत्तय १८ चं म्हणाल तर, सायंप्रार्थना, दाखल्यातला दुसरा चाकर काय करतो? पाया पडतो. म्हणतो, दम धरा, मी फेडतो. कर्ज नाकारत नाही. माइकवरून तर मुळीच सांगत नाही की राजाने मला सोडलं, आता तुझे १०० विसर. आणि त्याच अध्यायात, दाखल्याच्या जरा आधी, भावाने अपराध केला तर काय करायचं हे पायरीपायरीने दिलंय: एकांतात जाऊन त्याचा दोष दाखव, ऐकलं नाही तर एकदोघांना घेऊन जा, तरी नाही तर मंडळीला सांग. सातांच्या सत्तरपट वेळा वाचून दाखवणारे हा परिच्छेद का गाळतात?

पंचाण्णव_कलमी

शेवटचा_बाक, तुमच्या चर्चच्या पाळकाने ती साक्ष होऊच कशी दिली? ज्याच्याबद्दल बोलणार त्याला विचारलं का, एवढं विचारायचं काम पाळकाचं. आमच्याकडे साक्षींचा बाजार झालाय. जितका मोठा पापी तितकी जास्त दाद, सरळमार्गी माणसाला माइक मिळतच नाही. हे माझं फार जुनं दुखणं आहे, वेगळं बोलेन कधी.

गुडघेटेकना खूश करायचं नाहीये, पण हा रोग आमच्यातल्याच एकाने नेमका ओळखला होता. डीट्रिश बोनहोफर, ल्यूथरपंथी पाळक, १९३७ मध्ये स्वस्त कृपेबद्दल लिहून गेला: पश्चात्तापाशिवाय क्षमेचा प्रचार, कबुलीशिवाय पापमोचन. नाझींनी त्याला एप्रिल १९४५ मध्ये फाशी दिलं. तेव्हा 'केवळ कृपा' म्हणजे 'फुकट सुटका' असं कोणी आम्हाला शिकवू नये.

गुडघेटेक

'कबुलीशिवाय पापमोचन'. वा! चारशे वर्षांनी आलात ना जाळीपाशी?

(पाळकाबद्दल मात्र सहमत. कन्फेशनचा एक फायदा कोणी मोजत नाही: तिथे माइक नसतो. फादरने बाहेर एक शब्द काढला तर तो स्वतःच बहिष्कृत. दुसऱ्याच्या जखमेवर टाळ्या घ्यायची सोयच नाही.)

नास्तिक_पण_हजर

सोय नाही, पण तिथेही दोघंच असतात ना? ज्याचं बोट चेंगरलं ती बाहेरच. आत काय ठरलं ते तिला कधीच कळणार नाही. भरपाईचं तुमचं कलम छान आहे, पण ती झाली की नाही हे तपासतं कोण?

गुडघेटेक

तपासत कोणी नाही. मान्य. फादर सांगू शकतो, पाठलाग करू शकत नाही.

जुनाच_करार

नास्तिकाने योग्य ठिकाणी बोट ठेवलं (माफ करा, बोटाचा उल्लेख मुद्दाम नव्हता). ही दोघांचीच बैठक फार जुनी आहे. अन्सेल्म या आर्चबिशपने १०९८ च्या सुमारास मांडलं की पाप म्हणजे देवाच्या मानाचं थकलेलं देणं. देणं अनंत, फेडायचं माणसाने, फेडू शकतो फक्त देव, म्हणून देव माणूस झाला. पुढे सोळाव्या शतकातल्या कॅल्व्हिन या धर्मसुधारकाकडे तेच प्रकरण न्यायालयात गेलं: शिक्षा आपली, भोगली ख्रिस्ताने. दोन्ही मांडण्या बांधीव आहेत, मला त्यांची टिंगल करायची नाही. पण खटल्यात फिर्यादी देव, आरोपी माणूस. ज्याच्यावर अन्याय झाला तो साक्षीदार म्हणूनही बोलावलेला नाही. प्रवचनं यावरच उभी राहतात, मग मंडळीने आणखी काय शिकावं?

आणि कोणी म्हणण्याआधी मीच म्हणतो: वधस्तंभावर जो आहे तोही अन्याय झालेलाच आहे. अपराधी नव्हे, बळी. क्षमा तिथून येते, आरामखुर्चीतून नाही. या एका गोष्टीमुळे मी अजून आत आहे. पण म्हणूनच, ज्याला खिळे ठोकले गेले तो 'यांना क्षमा कर' म्हणतो आणि ज्याला काहीच झालं नाही तो दुसऱ्याला 'क्षमा कर' म्हणतो, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सायंप्रार्थना

सगळे मिळून माझ्यावरच तुटून पडलात, चालू द्या. मत्तय ६:१५ अजून जागच्या जागी आहे, ते तुमच्यापैकी एकानेही खोडून दाखवलेलं नाही.

'मोठा पापी' हे वाक्य पोस्टमधून काढलंय. अर्थ बदललेला नाही, भांडण नको म्हणून.

नास्तिक_पण_हजर

केवढी ही कृपा! कृत्यांनी मिळवलेली नाही ना?

पंचाण्णव_कलमी

सायंप्रार्थना, ते वचन कोणालाच खोडायचं नाहीये. पण ते ज्याचं त्याने स्वतःवर लावायचं वचन आहे, दुसऱ्यावर उगारायचं नाही.

शेवटचा_बाक, विचारू का, नको वाटलं तर सोडा. बाबा उद्या येऊन म्हणाले, चुकलो, तर?

शेवटचा_बाक

माहीत नाही. आधी म्हणू तर देत. आणि ज्या लोकांसमोर माझं बोट दाखवलं त्यांच्यासमोरच सांगू देत की लेकीला विचारलं नव्हतं. त्यानंतर मी काय करेन ते माझं मी बघेन, त्यावर धागा काढायची गरज नाही.

गुडघेटेक

अवांतर: पंचाण्णव_कलमी, जाता जाता. तुम्ही आणि आम्ही ज्या मुद्द्यावर इथे तासभर डोकी फोडली, त्यावर ३१ ऑक्टोबर १९९९ ला ऑग्सबर्गमध्येच दोन्हीकडच्यांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्यात. केवळ कृपेने, आपल्या कुठल्याही गुणवत्तेमुळे नाही, आणि तीच कृपा सत्कृत्यांना बोलावते. पुढे मेथडिस्टही सामील झाले. तेव्हा आता टेट्झलला झोपू द्या.

पंचाण्णव_कलमी

सगळ्या ल्यूथरपंथीयांनी नाही केल्या. अमेरिकेतल्या मिसुरी सिनॉड या ल्यूथरपंथी चर्चने तो मसुदा मानलेला नाही, आणि त्यांची कारणं वाचण्यासारखी आहेत. शिवाय ऐहिक दंडाचं काय झालं त्यात? त्याला बगल दिलीय. वेगळा धागा काढा, येतो.

गुडघेटेक

काढला. शीर्षक: 'ल्यूथरने याकोबाच्या पत्राला पेंढा का म्हटलं?' १५२२ च्या प्रस्तावनेपासून सुरू करू.

पंचाण्णव_कलमी

शीर्षकातच खोडी. आलो.